हार्डनेस बरोबर असूनही शाफ्ट तुटला, तर पुढच्या वेळी जास्त हार्डनेस मागावी का?

तुमचा प्रश्न असा: ईएन २४ या मिश्र पोलादाचा शाफ्ट, ऑर्डरमध्ये २८ ते ३२ एचआरसी (रॉकवेल यंत्रावर मोजलेली हार्डनेस) मागितली होती, रिपोर्टात ३० आली, तरी तीन महिन्यांत तुटला. आता ४० मागू का, आणि फटिग टेस्ट कुठे करून मिळेल?

४० मागू नका. तुटलेला तुकडा नीट बघितल्याशिवाय तर मुळीच नको.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये बरीच वर्षं काढली. ‘हार्डनेस ओके आहे ना, मग तुटला कसा?’ हे वाक्य ऐकलं की मला अजून राग येतो. रॉकवेल यंत्राचा हिरा १५० किलोच्या भाराने जिथे टेकतो, तिथलं पोलाद किती कठीण आहे एवढंच तो सांगतो. त्यावरून ताणशक्तीचा अंदाज बांधता येतो. ३० एचआरसी म्हणजे साधारण ९५० मेगापास्कल. पण शाफ्टवर एकदाच जोर येऊन तो मोडत नाही. दर फेऱ्याला त्याचा पृष्ठभाग एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. असं पुन्हा पुन्हा होऊन हळूहळू तडा जाणं म्हणजेच फटिग. ९६० आरपीएमला हे तासात ५७,६०० वेळा होतं. आठवडाभर अखंड चालला की एक कोटीच्या आसपास फेरे झाले.

एका साखर कारखान्याच्या ब्लोअरचा शाफ्ट आमच्याकडे आला होता. गळीत हंगाम ऐन भरात, बॉयलर अडलेला, त्यामुळे साहेब स्वतः पिकअपबरोबर आले. सोबत हीट ट्रीटमेंटवाल्यालाही (भट्टीत तापवून पोलादाला हवी ती हार्डनेस देणाऱ्याला) घेऊन आले, कारण दोष त्याचाच हे त्यांचं आधीच ठरलं होतं आणि त्याचं बिल त्यांनी रोखून धरलं होतं. हार्डनेस घेतली, २९-३०. मग म्हणाले टेन्साइल (नमुना ताणून तोडायची चाचणी) करा. केली, बरोबर आली. केमिकल करा. तेही बरोबर. शेवटी त्यांनी तुटलेल्या तोंडावर बोट ठेवलं. ‘हे बघा, किती मोठा दाणा दिसतोय. मटेरियल क्रिस्टल झालंय. टेम्परिंग चुकलंय.’

बोट ठेवलं होतं ते सगळ्यात शेवटी तुटलेल्या भागावर. तो खडबडीत, चमकणारा भाग एका कडेला, जेमतेम पंचमांश. बाकी सगळा चेहरा गुळगुळीत होता आणि त्यावर पंचगंगेचा पूर टप्प्याटप्प्याने ओसरताना घाटाच्या पायऱ्यांवर गाळाच्या रेघा राहतात तशा रेघा होत्या. तडा थांबत थांबत पुढे गेल्याची ती नोंद. शेवटचा भाग इतका लहान, याचा अर्थ शाफ्टवर एकूण भार कमीच होता. एवढ्याशा धातूवर तो शेवटपर्यंत तग धरून होता. आणि कडेने बारीक बारीक पायऱ्या दिसत होत्या, म्हणजे तडा एका जागी नाही, परिघावर अनेक जागी एकदम सुरू झाला होता. असं होतं तेव्हा पोलादाआधी कोपऱ्याकडे बघायचं.

बघितलं. पुलीकडच्या बेअरिंगच्या खांद्यापाशी, म्हणजे शाफ्टची जाडी जिथे एकदम बदलते तिथे, ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याला ३ मिलीमीटर रेडियस (गोलाई) होता. प्रत्यक्षात रेडियस गेजचं सगळ्यात लहान पातंही तिथे बसेना. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. बेअरिंगच्या आतल्या रिंगचा कोपरा २ मिलीमीटरच्या आसपास, त्यामुळे ३ च्या रेडियसवर रिंग खांद्याला टेकत नव्हती. फिटरने तक्रार केली, आणि कारखान्याच्याच वर्कशॉपमध्ये, साहेबांच्याच सांगण्यावरून, टर्नरने कोपरा टोकदार करून दिला. बेअरिंग बसलं. शाफ्टचा जीव तिथेच गेला.

मी हे सांगितलं तर मला उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुम्ही आकडा द्या, बाकीचं आम्ही बघतो.’ रिपोर्टातून फ्रॅक्चरचा परिच्छेद काढा असाही निरोप आला. मी काढला नाही.

त्या साहेबांना तेव्हा जे ऐकवायचं राहिलं ते इथे लिहिते. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, पन्नासावर माणसं गेली. त्या काळीही हेच बोललं जायचं की हादऱ्यांनी लोखंड ‘क्रिस्टल’ होतं. पुढच्याच वर्षी रँकिन या इंजिनिअरने तुटलेले आस तपासून दाखवलं की तडा खांद्याच्या कोपऱ्यातून हळूहळू आत शिरतो, आणि कोपऱ्याला गोलाई द्या असं सुचवलं. पुढे प्रशियाच्या रेल्वेत व्योलरने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून मोडले आणि भार आणि फेरे यांचं नातं मांडलं. हे सगळं माहीत असताना एका गरीब भट्टीवाल्याचं बिल ‘दाणा मोठा’ म्हणून अडवायचं, हा अन्याय आहे. नवा शाफ्ट त्याच भट्टीत, त्याच हार्डनेसला झाला. ३ चा रेडियस ठेवला, खांदा आणि बेअरिंग यांच्यामध्ये आतून मोठा चॅम्फर (तिरका कापलेला कोपरा) दिलेली स्पेसर रिंग घातली. तो शाफ्ट टिकला. बिल मात्र पुढच्या हंगामापर्यंत लटकलं.

४० का नको? कारण हार्डनेस वाढली की पोलाद कोपरे, टूलचे ओरखडे, की-वेच्या (पुली अडकवायच्या चावीच्या खाचेच्या) कडा यांना जास्त हळवं होतं. कागदावर ताकद वाढते, टोकदार खांद्यावर त्यातली थोडीच पदरात पडते.

फटिग टेस्टवर पैसे घालवू नका. तिथे बोटाएवढा, चकचकीत पॉलिश केलेला नमुना फिरवतात. अशा नमुन्याची फटिग मर्यादा ताणशक्तीच्या निम्म्याजवळ येते, पण तुमच्या शाफ्टला ना तो आकार, ना ते पॉलिश. शिवाय ३,००० आरपीएमला एक कोटी फेरे म्हणजे एका नमुन्याला साडेपंचावन्न तास, आणि आलेख काढायला बरेच नमुने लागतात.

एक सांगायचं राहिलं. तुमचा शाफ्ट बेअरिंगपाशी न तुटता की-वेपाशी तुटला असेल, किंवा ४५ अंशांत पिळून तुटला असेल, तर कारण वेगळं असू शकतं. गिअरचे दात आणि इंडक्शनने वरचा थर कडक केलेले जर्नल (शाफ्टचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) यांची गोष्टही वेगळी. तिथे वरच्या थराची हार्डनेस फार महत्त्वाची. आणि आकडा खरोखरच २० आला असता तर मीही भट्टीवाल्यालाच पकडलं असतं.

तोवर तुटलेली दोन तोंडं एकमेकांना जुळवून बघू नका, घासली की खुणा पुसतात. वायर ब्रशही मारू नका. पातळ तेल लावा, कापडात वेगवेगळी गुंडाळा आणि दोन्ही तुकडे, ड्रॉइंग आणि बेअरिंगचा नंबर घेऊन लॅबमध्ये जा. हार्डनेसच्या आधी ‘फ्रॅक्चर बघा’ असं रिक्वेस्ट फॉर्मवर लिहा.