पेंढ्याच्या गठ्ठ्यांसाठी कोणती अवजारे घ्यावीत

यंत्राने बांधलेला भाताच्या पेंढ्याचा लहान चौकोनी गठ्ठा साधारण १५ ते २५ किलोंचा भरतो आणि तो नुसत्या दोरीला धरून उचलत राहिल्यास बोटे सोलतात, म्हणून गोठ्यासाठी असा पेंढा विकत घ्यायचा ठरवला असेल तर आधी गठ्ठा उचलायचा एक चांगला लोखंडी आकडा (हुक) घ्या. हमाल पोत्यांसाठी वापरतात तो आखूड आकडा पेंढ्यात नीट रुतत नाही. सळई वीतभर तरी लांब, टोक अणकुचीदार आणि मूठ आडवी, चारही बोटे मावतील अशी असावी. मूठ आणि सळई यांचा सांधा दुकानातच हलवून पाहावा, रंगरंगोटीला भुलू नये. आकडा दोरीत न अडकवता गठ्ठ्याच्या टोकाकडील पेंढ्यात घालावा.

दोरी कापायला घरचा विळा पुरतो. मात्र ती गाठीजवळ कापून, गाठ धरून सबंध ओढून काढावी, कारण प्लॅस्टिकचा तुकडा वैरणीत राहिला तर तो जनावराच्या पोटात अडकतो. सुटा पेंढा ओढायला दाताळे घ्या. त्याचा दात तुटल्यास तो सापडेपर्यंत ती वैरण घालू नका, कारण गिळलेले टोकदार लोखंड जाळीपोट (जनावराच्या पोटाचा हृदयालगतचा कप्पा) भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकते. काम संपल्यावर आकडा खुंटीला टांगावा, गठ्ठ्यात खुपसून ठेवू नये.