आईची गुडघ्याची गोळी

प्रश्न : आईचं वय ७४. गुडघ्यांसाठी दोन महिने रोज दुकानातून डायक्लोफेनॅक आणून घेते. बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी जास्त होण्याची गोळीही चालू आहे. हल्ली पाय सुजतात. गोळी चालू ठेवावी का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : नको, आजच थांबवा. बीपीची आणि लघवीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. या तिन्ही गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि म्हाताऱ्या माणसांचं पाणी कमी पिणं! एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी), पोटॅशियम, बीपी तपासून घ्या. शी डांबरासारखी काळी झाली किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

तोवर ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल, एका वेळी एक, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा.

मिरजेत माझ्याकडे आलेल्या एका आजींनी चंचीतून सुपारीबरोबर चार सुट्या गोळ्या काढल्या. दुकानदाराने पट्टी कात्रीने कापलेली, नाव पलीकडच्या तुकड्यावर! ‘पांढरी गुडघ्याची, गुलाबी कंबरेची,’ म्हणाल्या. दोन्ही एकाच जातीच्या निघाल्या. म्हणून येताना आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, चंचीतल्यासुद्धा.