क्लासिक कॅम्परव्हॅनसाठी नवीन इंजिन घ्यावं की रीकंडिशन्ड?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये राहतो, 1973 ची फोक्सवॅगन बे-विंडो कॅम्पर घेतली, इंजिनातून ठोका येतोय, गॅरेजवाला म्हणतो इंजिनच बदला. नवीन घेऊ की रीकंडिशन्ड?

'नवीन' हा शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं. तुमची काही चूक नाही. माझे एक साडू आहेत, ते गेली कित्येक वर्षं प्रत्येक गणपतीला, प्रत्येक दिवाळीला, सगळ्यांच्या देखत मला हेच ऐकवतात: "अहो, तेव्हाच नवीन घेतलं असतंत तर?" म्हणून हे उत्तर लांबणार आहे. घाई असेल तर शेवटून वाचा.

आधी एक सांगा, नवीन येणार कुठून? याच जातीच्या इंजिनाची मेक्सिकोतली शेवटची बीटल 2003 च्या जुलैत बाहेर पडली. ब्राझीलमध्ये तुमच्या गाडीची बहीण कोंबी 2013 पर्यंत बनत होती खरी, पण तिनंही 2005 संपता संपता हवेवर थंड होणारं इंजिन सोडलं आणि पाण्याचं घेतलं. म्हणजे आज तुम्हाला 'नवीन' म्हणून जे विकतात ते कुणीतरी शेडमध्ये नवी केस (इंजिनाचं बाहेरचं धड), नवा क्रँक (आत फिरणारा मुख्य दांडा), नवे बॅरल-पिस्टन, नवी हेडं आणून जुळवलेलं असतं. आणि 'रीकंडिशन्ड' म्हणजे कुणीतरी शेडमध्ये जुनी केस घेऊन त्यात काही नवं, काही जुनं जुळवलेलं. शेड दोन्हीकडे आहे. जुळवणारा माणूस कोण, एवढाच प्रश्न उरतो, आणि तोच नेमका कुणी विचारत नाही.

आता माझी गोष्ट. माझी गाडी 1970 ची, 1600 सीसी. ऑगस्टमध्ये पोरांना घेऊन कॉर्नवॉलला निघालो होतो. एक्झेटर सोडलं की ए-38 वर हॅल्डनचा चढ लागतो, ज्यांनी जुनी गाडी तिथून नेलीय त्यांना तो चढ नावानिशी आठवतो. तिसरा गिअर, ट्रकच्या मागे, खिडक्या उघड्या, मागे पोरं भेंड्या खेळतायत. आणि एकदम मागून डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा आवाज, मग फट्, मग शांतता. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटला होता. या इंजिनांची ही जुनी खोड आहे. 1971 च्या आधीच्या मॉडेलांत तेलाचा कूलर पंख्याच्या कव्हरच्या आत, बरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो. गरम तेलाला शिवून तापलेली हवा त्या बिचाऱ्याच्या वाट्याला येते. पुढे कंपनीनं कूलर बाजूला सरकवून त्याला वेगळी हवा दिली, तुमच्या 73 ला तसंच असणार. माझ्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनला भोक पडलं आणि ॲल्युमिनियमचा चुरा सगळ्या तेलात गेला. हा चुरा लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं, म्हणजे आबांचं, उद्यमनगरात बोअरिंगचं मशीन होतं. विहिरीवरची ऑइल इंजिनं, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, जे येईल ते रीबोअर करून, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करून द्यायचं. आमच्या घरात 'नवीन इंजिन' असा शब्दच नव्हता. इंजिन बोअर होतं, पुन्हा बोअर होतं, मग आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी बसते आणि पुन्हा स्टँडर्डला, मूळ मापाला येतं. त्यामुळे मला रीकनची भीती नव्हती. साडूंनी फोनवर सांगितलं, "नवीन घ्या, कटकट नको." साडू दर तीन वर्षांनी कंपनीच्या लीजची गाडी बदलतात, बॉनेट कुठून उघडतं ते विचारा, सांगता येणार नाही. मला मिळालेल्या कोटेशनात नव्याची किंमत रीकनच्या जवळपास दुप्पट होती. मी रीकन घेतलं. एक्स्चेंजमध्ये, म्हणजे माझं जुनं इंजिन त्यांना देऊन.

आलं ते 'लाँग इंजिन': केस, क्रँक, बॅरल, हेड एवढंच, वरून काळा कुळकुळीत रंग. पंख्याचं कव्हर, कार्बोरेटर, तेलाचा कूलर आणि सगळे पत्रे आपल्या जुन्या इंजिनावरचे काढून चढवायचे. मी एका शनिवार-रविवारी चढवलं. सुरू झालं तेव्हा बायकोनं अंगणात नारळ फोडला, शेजारच्या इंग्रज आजीबाई घाबरून बाहेर आल्या.

अठराशे मैल चाललं. मग गरम झाल्यावर सिग्नलला उभं राहिलं की तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मागची पुली हातात धरून पुढे-मागे ओढली तर टक् टक् लागतंय. क्रँकचा प्ले, म्हणजे पुढे-मागे हलण्याची मोकळीक, नव्या जुळणीत 0.07 ते 0.13 मिलीमीटर असावा, 0.15 ला हद्द संपते. माझ्याकडे तो मोजायचा डायल गेज नव्हता, पण उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला हाताला लागणारा प्ले किती असतो ते कळतं. इंजिन गेलं होतं. विकणाऱ्यांना फोन केला, भांडलो, ईमेल लिहिले, पुन्हा भांडलो. काही मिळालं नाही.

त्या वर्षीच्या गणपतीत साडूंनी प्रसादाच्या ताटावर जाहीर केलं: "जुनं ते सोनं हे फक्त म्हणीत." तेव्हापासून हे सुरू आहे.

आता खरं सांगतो. विकणाऱ्यांनी मला एकच विचारलं होतं: नवा ऑइल कूलर घेतल्याची पावती आहे का? इंजिनाबरोबरच्या कागदात लिहिलं होतं म्हणे, कूलर नवा नसेल तर वॉरंटी नाही. मी तो कागद वाचला नव्हता. आबांना फोन केला, त्यांचा सल्ला घ्यायचा म्हणून नव्हे, नुसतं रडायला. त्यांनी आयुष्यात फोक्सवॅगन उघडलेली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेलाची वाट धुतलीस का?" मी गप्प. "मग कुणाच्या नावानं बोंब मारतोस?"

या 1600 ला तेलाचा फिल्टर नसतो, खाली नुसती जाळी असते. गरम तेल पंपातून कूलरमध्ये आणि कूलरमधून थेट बेअरिंगांकडे जातं. हॅल्डनच्या चढावरचा चुरा माझ्या जुन्या कूलरच्या पोटात बसला होता, तो मी स्वतःच्या हातानं नव्या बेअरिंगांना भरवला. त्या जागी साडूंचं नवंकोरं इंजिन असतं तर तेही याच चुऱ्यानं मेलं असतं, फक्त दुप्पट किमतीत. हे मला त्यांना सांगायचं आहे, पण सांगायचं तर कूलरचं कबूल करावं लागतं. म्हणून इथे लिहितोय.

विकणारेही धुतल्या तांदळासारखे नव्हते बरं का. इंजिन उघडलं तेव्हा केस आधीच 1 मिलीमीटर ओव्हरसाइजला लाइन बोअर केलेली (क्रँकच्या बेअरिंगांच्या बैठका मोठ्या कापलेली) निघाली, म्हणजे पुढच्या वेळेला तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जुनेच, घासून परत बसवलेले. ज्या गाडीत व्हॉल्व्ह तुटणं हाच मुख्य आजार, तिथे व्हॉल्व्हमध्ये पैसे वाचवणाऱ्याला आबांनी दुकानात उभं केलं नसतं.

तिसरं इंजिन मी स्वतः जुळवलं. नवी केस, कारण मॅग्नेशियमच्या जुन्या केसमध्ये मधल्या बेअरिंगची बैठक ठोकून ठोकून सैल होते आणि हेडचे स्टड आटे घेऊन बाहेर येतात. नवी हेडं, नवे व्हॉल्व्ह, नवा कूलर. उन्हाळ्यात आबा आले होते. फ्लायव्हीलमागच्या तीन शिमा, म्हणजे प्ले ठरवणाऱ्या पातळ चकत्या, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बोटांनी चाचपून निवडल्या, तीनदा काढल्या, तीनदा घातल्या. उसना आणलेला डायल गेज 0.10 वर थांबला. "आता कुणाला दाखवायचं ते दाखव," म्हणाले. आतापर्यंत चौदा हजार मैल झालेत. दिवा लुकलुकत नाही.

तर तुमचं काय? माझं मत: एक्स्चेंज इंजिन घेऊच नका. तुमचं स्वतःचं इंजिन उघडून चांगल्या माणसाकडून बांधून घ्या. केस मोजून बाद ठरली तर नवी केस टाका. जो माणूस क्रँकचा साइज, केसचं बोअर, प्ले आणि हेड नवं की जुनं हे कागदावर लिहून देईल त्यालाच पैसे द्या, मग तो त्याला नवीन म्हणो नाही तर रीकन. जो म्हणेल "काळजी करू नका, फर्स्ट क्लास आहे", तिथून निघा. सुबारूचं इंजिन टाका म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि पाठवा.

कूलर नवा. हा मुद्दा मी दुसऱ्यांदा सांगत नाही.

इंजिनाच्या भोवतीचं रबर सील आणि पत्रे सगळे जागच्या जागी असू द्या. ते गळालेले असतील तर खालची गरम हवाच पंखा पुन्हा ओढतो आणि कुठलंही इंजिन भाजून निघतं. पहिल्यांदा सुरू केलं की वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडून चहाला जाऊ नका, कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) यांची बैठक तेव्हाच होते. टॅपेटची फट 0.15 मिलीमीटरवर, थंड इंजिनावर. पेट्रोलच्या नळ्या नव्या घाला. 2021 च्या सप्टेंबरपासून इथे साधं पेट्रोल ई-10, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालंय, जुनं रबर त्यात टिकत नाही आणि या गाड्या जळतात त्या बहुतेक तिथूनच. इंजिन नंबर बदलला तर डीव्हीएलएला (इथल्या वाहन नोंदणी खात्याला) कळवायचं विसरू नका.

एक राहिलं. स्वतः जुळवायला मला सात महिने लागले, आणि सगळा हिशोब केला तर साडूंचं नवीन इंजिन स्वस्त पडलं असतं. हा हिशोब मी घरी कुणाला दाखवलेला नाही. तुमच्याकडे वेळ नसेल, हत्यारं नसतील, आणि आबा नसतील, तर नव्या केसवर जुळवलेलं इंजिन चांगल्या माणसाकडून घ्या. होय, म्हणजे नवीन.

आणि हे आधीच विचारायला हवं होतं: तुमचं 1600 आहे की 1700? त्या काळात दोन्ही येत होती. मागचं झाकण उघडून पंख्याचं कव्हर उभं दिसलं तर 1600, इंजिन आडवं चपटं असेल तर 1700. 1700 असेल तर नव्या केसचा पर्याय जवळपास नाहीच, आणि वरचं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. तसं असेल तर खाली लिहा.