पेन्शनला येतोयस, तर आधी हे वाच

भाऊ, सैन्यातून सुटल्याचा कागद, म्हणजे डिस्चार्ज, हातात पडेपर्यंत थांबू नकोस. नोकरीची मुदत संपायला वर्ष उरलं की केंद्र सरकारच्या नोकऱ्यांना अर्ज करता येतो. गट क मध्ये, म्हणजे क्लार्कसारख्या पदांत, माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव आहेत. वयाची काळजी सोड: आजच्या वयातून सेवेची वर्षं वजा करायची, वर पदाच्या कमाल वयोमर्यादेत ३ वर्षांची सवलत. ३८ वर्षांचा, १७ वर्षं सेवा झालेला जवान हिशेबात २१ चा धरला जातो. दहावीवर १५ वर्षं सेवा झाली असेल, तर गट क च्या बऱ्याच बिगरतांत्रिक पदांना पदवीधर म्हणून चालतोस.

आता खरी गोम. राखीव जागेचा फायदा घेऊन पहिली सरकारी नोकरी धरली की तो फायदा संपतो. आमच्या युनिटमधला एक जण घाईत क्लार्क म्हणून रुजू झाला. त्याआधी भरलेल्या अर्जाचा चांगला निकाल मागाहून लागला, पण माजी सैनिक म्हणून त्याला घेतलं नाही. अजून वाईट वाटतं मला. २०१४ च्या केंद्राच्या आदेशाने यावर वाट काढली आहे: रुजू होतानाच, आधी केलेल्या सगळ्या अर्जांची तारीखवार यादी स्वयंघोषणेसह कार्यालयाला द्यायची. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घे. तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही.

म्हणून आजपासूनच वहीत अर्जाचा नंबर आणि तारीख लिहीत जा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव, आणि डिस्चार्ज बुकातलं नाव दहावीच्या सर्टिफिकेटशी अक्षर न अक्षर जुळतंय का ते युनिट सोडायच्या आत बघ.