स्पेनमधील मठ परकीय आक्रमणामुळे उद्ध्वस्त झाले की सरकारनेच ते बंद केले?

दोन्ही कारणे खरी आहेत, पण सर्वांत खोल घाव सरकारी आदेशाचाच होता. नेपोलियनने स्पेनच्या गादीवर बसवलेला त्याचा भाऊ जोसेफ बोनापार्ट याने 1809 मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले. मात्र फ्रेंच गेल्यावर बरेचसे साधू आपापल्या मठांत परतले. 1835 ते 1837 या काळात तसे झाले नाही. कार्लिस्ट युद्धाचा (स्पेनच्या गादीच्या वारसाहक्कावरून पेटलेल्या यादवी युद्धाचा) खर्च आणि सार्वजनिक कर्जाचा डोंगर यांमुळे पंतप्रधान मेंदिसाबाल यांच्या सरकारने बहुतेक मठ बंद करून त्यांच्या जमिनी व इमारती लिलावात काढल्या. त्या प्रामुख्याने पैसेवाल्यांनीच घेतल्या आणि भूमिहीन शेतकऱ्याच्या हाती फारसे काही लागले नाही, ही मला या प्रकरणातील सर्वांत दुःखद बाब वाटते.

जमावाचा रोषही त्याच सुमारास उसळला होता. जुलै 1835 मध्ये बार्सिलोनात अनेक मठ जाळले गेले. आजची प्रसिद्ध बोकेरिया मंडई अशाच एका जळालेल्या मठाच्या जागेवर उभी आहे. अरागॉन या जुन्या राज्याच्या राजांच्या समाध्या असलेला, कॅटलोनियातील पोब्लेतचा मठ ओस पडला, समाध्या फोडल्या गेल्या आणि तेथे साधू पुन्हा राहायला आले ते थेट 1940 मध्ये. सेगोव्हियाजवळच्या साक्रामेनिया मठात तर धान्य आणि गुरे ठेवली जात; त्याच्या आवारातील ओवऱ्या 1925 मध्ये अमेरिकी वृत्तपत्रमालक हर्स्ट यांनी विकत घेतल्या, दगड न् दगड सुटा करून नेला आणि आज त्या अमेरिकेत मायामीजवळ उभ्या आहेत.

यानंतर 1909, 1931 आणि 1936 मध्येही मठांना आगी लावण्यात आल्या.