वाचकांचे प्रश्न : सरकारी मदतीतून नवा हीटर मागू का?

प्रश्न : आमचं घर जुनं, भाड्याचं आहे. थंडीत हीटर सारखा चालू ठेवला तरी पाय गारच राहतात आणि बिल आलं की महिन्याचं सगळं गणित कोलमडतं. कमी उत्पन्नवाल्या घरांना वीज-इंधन वाचवायला सरकार मदत करतं असं ऐकलंय, त्यात नवा हीटर मिळेल का? आणि घरमालक आडवे आले तर?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मदत जरूर मागा, पण नवा हीटर नका मागू, आधी घराची तपासणी मागा. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतेय कारण बहुतेक जण अर्ज करतानाच वस्तूचं नाव लिहून मोकळे होतात आणि खरी गळती तशीच राहते.

तुमचे पाय गार का पडतात ते सांगते. गरम हवा वर चढते, छताच्या आणि माळ्याच्या फटींतून निघून जाते, आणि ती गेली की तिची जागा भरायला दाराखालून, खिडकीच्या कडेतून, पाइपच्या भोकातून बाहेरची गार हवा आत ओढली जाते, म्हणजे हीटर तापवतोय ती हवा तुम्हाला मिळतच नाहीये. अशा घरात मोठा हीटर बसवला तर बिल वाढेल, पाय तसेच राहतील.

अमेरिकेत 1973 च्या तेलसंकटानंतर इंधन महागलं, तेव्हा 1976 मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी तिथल्या केंद्र सरकारने कायदा करून अशी योजना आणली, ती आजही चालू आहे. तिथे काम तपासणीपासूनच सुरू होतं. मुख्य दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात (ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात), मग कुठल्या फटीतून वारा आत येतोय ते हाताला कळतं. मग ज्या कामाचा खर्च बचतीतून भरून निघेल ते आधी, म्हणजे बहुतेकदा फटी बुजवणं आणि छताला इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर. नव्या खिडक्या सगळ्यांना हव्या असतात पण त्यांचा खर्च वसूल व्हायला फार वर्षं लागतात, त्यामुळे त्या मागे पडतात, वाईट वाटून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नका. घरात गॅसवर किंवा लाकडावर जळणारं काही असेल तर फटी बुजवायच्या आधी आणि नंतरही त्याची तपासणी करून घ्या. घर घट्ट बंद झालं आणि धूर बाहेर जायला नीट वाट नसेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साठतो, त्याला ना रंग ना वास, झोपेत कळतही नाही. तपासणीवाला हे बघत नसेल तर सरळ विचारा त्याला.

घरमालकांचं म्हणाल तर त्यांची लेखी परवानगी लागतेच, पण घर त्यांचंच सुधारणार आहे हे समजावून सांगा. अमेरिकेच्या नियमात तर असं आहे की फक्त या कामामुळे घराची किंमत वाढली म्हणून लगेच भाडं वाढवता येत नाही. तुमच्याकडे असा नियम आहे का ते अर्ज करतानाच विचारून घ्या आणि मालकांकडून लिहून घ्या, नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका.

छत गळत असेल, भिंतीला बुरशी असेल तर काम पुढे ढकलू शकतात, कारण ओल्या छतावर इन्सुलेशन टाकून उपयोग नसतो. म्हणून दुरुस्तीसाठी वेगळी मदत आहे का तेही अर्ज करता त्याच कार्यालयात विचारा.

आणि कागदपत्रांना कंटाळून मधेच सोडू नका प्लीज. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात संशोधकांनी हजारो कुटुंबांना फोन करून, घरी जाऊन, फॉर्म भरायला मदत करून हे काम फुकट घ्या म्हणून सांगितलं, तरी जेमतेम 6 टक्के घरांत ते झालं. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, कारण ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच उत्पन्नाचे दाखले गोळा करायला कामावरून सुट्टी मिळत नाही. तेव्हा ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा, वर्षभराची बिलं आणि मालकांचं पत्र आजच एका फाइलीत लावून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे फटी बुजवण्याचं आणि इन्सुलेशनचं काम होऊन सहा महिने झाले. सांगितलं होतं तेवढं बिल उतरलं नाही. आमचं काही चुकलं का?
– एक वाचक

उत्तर : तुमचं चुकलं असेलच असं नाही. वर सांगितलेल्या मिशिगनच्याच अभ्यासात आधी केलेला बचतीचा अंदाज प्रत्यक्ष बचतीच्या अडीचपटीहून जास्त निघाला, म्हणजे अंदाजच मुळात फुगलेले होते. शिवाय आधी एकच खोली गरम करत होतात आणि आता मुलांचीही करत असाल तर ती ऊब तुम्हाला मिळालीच आहे, तिला तोटा समजू नका. बिलाची रक्कम बघू नका, दर बदलतात. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट आणि यंदाचे युनिट शेजारी मांडा, थंडी साधारण सारखीच असूनही काहीच फरक दिसला नाही तर ज्यांनी काम केलं त्यांना परत तपासणीला बोलवा.