ला पॉइंटचा पहिला हिवाळा

अमेरिकेतल्या मॅडलिन बेटावर, ला पॉइंट गावात राहायला येतोयस, म्हणून आधीच सांगतो. बेटाभोवतीचं सुपीरियर सरोवर गोठायला लागून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बेफील्ड गावाची फेरीबोट बंद पडली की लगेच बर्फावर गाडी घालू नकोस. मधल्या दिवसांत पंख्यावर चालणारी विंडस्लेड असते, तिनेच जा. बर्फ पुरेसा जाड होऊन त्यावरचा रस्ता उघडला की कडेला नाताळची जुनी झाडं रोवलेली दिसतील, ती रांग सोडू नकोस. बर्फ फुटलाच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून सीटबेल्ट काढ, काच खाली ठेव. थंडीने कान दुखले तरी चालतील. पांढुरका बर्फ काचेसारख्या स्वच्छ बर्फापेक्षा बराच कच्चा असतो.

आणि हो, इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक या बेटाला मूनिंग्वानेकानिंग म्हणतात. त्यांच्यात आणि अमेरिकी सरकारमध्ये झालेला १८५४चा करार इथलाच. नाव नीट म्हणायला शीक, माझी कळकळीची विनंती आहे.